कल्याण ते फिलाडेल्फिया, लायडनमार्गे

काही महिन्यांपूर्वी आम्ही डोंबिवलीच्या एका शाळेत नववीच्या वर्गाशी गप्पा मारायला गेलो होतो. विषय ठरला होता ‘विज्ञान आणि प्रवास’. मुलांना विचारले, "तुमच्या नात्यातले किंवा इमारतीतले कुणी शिकायला परदेशी गेले आहे का?" बरेच हात वर झाले. कुणाचा मामेभाऊ जर्मनीत, कुणाची आत्या ऑस्ट्रेलियात, तर शेजारचा एक दादा नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला. मग आम्ही दुसरा प्रश्न टाकला. "आपल्या या भागातून शिकायला परदेशी गेलेली पहिली माणसे कोण, हे कुणाला सांगता येईल?" वर्ग थोडा वेळ गप्प होता. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "आनंदीबाई जोशी. त्या कल्याणच्याच ना?"

उत्तर चांगले होते. पण त्या मुलीने लगेच एक प्रतिप्रश्न विचारला आणि तो आमच्या डोक्यातून जाईना. "पण सर, मुंबईत मेडिकल कॉलेज होते की तेव्हा. मग त्या एवढ्या लांब का गेल्या?"

हा लेख म्हणजे तिला दिलेले थोडे उशिराचे उत्तर आहे. ते देताना आम्हाला कल्याणहून फिलाडेल्फियाला जावे लागले, आणि वाटेत नेदरलँड्समधल्या लायडन गावी बराच मुक्काम पडला. असे का झाले, ते पुढे कळेलच.

एका पत्राचा प्रवास

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५. बालपण कल्याणात गेले. नवव्या वर्षी त्यांचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव बिजवर, वयाने वीसेक वर्षांनी मोठे आणि टपालखात्यात कारकून होते. बायकोला शिकवायचेच, हा त्यांचा हट्ट होता. आणि त्या हट्टाची एक कठोर बाजूही होती, हे चरित्रकारांनी लपवलेले नाही. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बाळंतपणात बाईला बाईच्या हातचे वैद्यकीय उपचार मिळत नाहीत, ही गोष्ट त्यांनी स्वतःच्या शरीरावर सोसलेली होती.

गोपाळरावांनी अमेरिकेतले मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली. हे पत्र वाइल्डर यांच्या मासिकात छापून आले. १८८० च्या सुमारास न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या गृहिणीच्या ते वाचनात आले. दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असताना त्यांनी ते मासिक सहज चाळले होते! त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले, आनंदीबाईंनी उत्तर दिले, आणि दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला.

क्षणभर थांबून एक हिशेब करू या. मुंबई ते ठाणे आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, ती कल्याणला पोचली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. म्हणजे आनंदीबाई चार वर्षांच्या होईपर्यंत त्यांच्या गावाला जगाशी जोडणारे लोखंडी आणि पाण्याचे दोन्ही रस्ते तयार झाले होते. विद्यार्थी परदेशी जातो तेव्हा त्याच्या आधी काहीतरी गेलेले असते : एखादे पत्र, एखादे मासिक, एखादी ओळख. माणूस त्याच वाटेने मागून जातो. ही वाट रुळावी लागते, आणि एकदा रुळली की तिच्यावरून दुसरे कुणी चालू लागते.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या सेरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी भाषण केले. गोपाळरावांची बदली तेव्हा तिकडे झाली होती. तुम्ही अमेरिकेला का जाता, या प्रश्नाला त्यांनी त्या भाषणात सरळ उत्तर दिले आहे. हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची गरज आहे आणि आपल्याला ते शिक्षण घ्यायचे आहे. मद्रासला एक कॉलेज स्त्रियांना प्रवेश देते, इतर इलाख्यांत सुइणीच्या कामाचे वर्ग आहेत. पण ते शिक्षण अपुरे आहे आणि शिकवणारे जुन्या वळणाचे आहेत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. सोबत नवरा नव्हता. वय होते अठरा.

फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाने त्यांना प्रवेश दिला. हे कॉलेज १८५० मध्ये केवळ स्त्रियांसाठी सुरू झाले होते. तेथे त्यांच्या वेळी आणखी दोन दूरदेशीच्या विद्यार्थिनी होत्या : जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लाम्बूली. ऑक्टोबर १८८५ मधले तिघींचे एक छायाचित्र उपलब्ध आहे. तिघींनी आपापल्या देशाचा वेष केला आहे. आनंदीबाई साडीत आहेत. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

बंद दारांची यादी

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. मुंबईच्या भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून होते. कल्याणहून आगगाडीने जेमतेम पन्नास किलोमीटर. पण ते दार स्त्रियांना बंद होते. ते उघडले १८८३ मध्ये. होय, ज्या वर्षी आनंदीबाई बोटीवर चढल्या त्याच वर्षी!

यामागे मुंबईकरांची चळवळ होती. जॉर्ज किट्रेज या अमेरिकन व्यापाऱ्याने आणि सोराबजी बेंगाली यांनी स्त्री-डॉक्टरांसाठी निधी उभा केला. कामा हॉस्पिटलची कोनशिला नोव्हेंबर १८८३ मध्ये बसली आणि इंग्लंडहून डॉ. एडिथ पीची मुंबईत आल्या. कलकत्त्यातही अशीच हालचाल होती. कादंबिनी गांगुली यांनी लवकरच तिथल्या मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळवला आणि १८८६ मध्येच, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीच्याच वर्षी, त्या डॉक्टर झाल्या. फरक इतकाच की त्यांना समुद्र ओलांडावा लागला नाही.

आनंदीबाई घाईने गेल्या असे म्हणायचे का? आम्हाला तसे वाटत नाही. दार कधी उघडेल हे बंद दारापुढे उभ्या असलेल्या माणसाला माहीत नसते. शिवाय काही दारे उघडतात ती, कुणीतरी दुसरीकडून आत गेले, हे पाहूनच.

यातून एक साधे सूत्र हाती लागते. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या ही बऱ्याचदा घरच्या बंद दारांची यादी असते. हे सूत्र एका उदाहरणावरून मांडणे शास्त्राला धरून होणार नाही. म्हणून ते आणखी कुठे तपासता येते का, ते पाहू. त्यासाठी आपण दीडशे वर्षे आणखी मागे आणि हजारो किलोमीटर पश्चिमेला जाऊ.

लायडनचे बारा पलंग

नेदरलँड्समधले लायडन विद्यापीठ १५७५ मध्ये स्थापन झाले. अठराव्या शतकाच्या आरंभी तिथे हर्मन बूरहावे (१६६८–१७३८) वैद्यक, रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र शिकवत. त्यांच्या वर्गाला सबंध युरोपातून विद्यार्थी येत. त्यांच्याकडे वैद्यक शिकलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश विद्यार्थी इंग्रजी बोलणाऱ्या मुलुखांतले होते. म्हणजे ‘परदेशी विद्यार्थ्यांचे प्रमाण’ हा नेदरलँड्समधला आजचा प्रश्न नाही. तो तीनशे वर्षांचा आहे.

हे विद्यार्थी लायडनलाच का येत? कारणे तीन.

पहिले कारण भाषेचे. व्याख्याने लॅटिनमध्ये होत. डच भाषेचा गंध नसला तरी स्कॉटलंडचा किंवा जर्मनीचा मुलगा पहिल्या दिवसापासून वर्गात बसू शके.

दुसरे कारण बंद दारांचे. इंग्लंडमध्ये त्या काळी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोनच विद्यापीठांची मक्तेदारी होती. अँग्लिकन पंथाची शपथ घेतल्याखेरीज ऑक्सफर्डला प्रवेश नव्हता आणि केंब्रिजला पदवी नव्हती. पंथाबाहेरच्या घरांतली हुशार मुले मग लायडनचा रस्ता धरत. आपले सूत्र इथेही लागू पडते.

तिसरे कारण शिकवण्याच्या पद्धतीचे. बहुतेक ठिकाणी वैद्यक ग्रंथ वाचून शिकवले जाई. लायडनला सेसिलिया रुग्णालयात बारा पलंग शिकवण्यासाठी राखून ठेवलेले होते : सहा पुरुषांसाठी, सहा स्त्रियांसाठी. बूरहावे विद्यार्थ्यांना घेऊन त्या पलंगांपाशी जात, रोग्याशी बोलत, नाडी पाहत, लघवी तपासत आणि आपला तर्क विद्यार्थ्यांसमोर मोठ्याने मांडत. रोगी दगावला तर शवविच्छेदन करून तर्क बरोबर होता की चूक, हे पाहिले जाई. आजच्या प्रत्येक रुग्णालयात सकाळी डॉक्टरांची जी फेरी होते, तिचे हे एक पूर्वरूप. बूरहावे यांनी ही पद्धत शोधून काढली असे मात्र नाही. सोळाव्या शतकात इटलीतल्या पादुआ येथे दा मोंते हे रोग्याच्या उशाशी शिकवत. तिथे शिकून परतलेल्या डच विद्यार्थ्यांमार्फत ती रीत लायडनला आली आणि १६३६ पासून तिथे नियमित झाली. म्हणजे ज्ञान इथेही विद्यार्थ्यांच्या पायांनीच चालत आले होते.

आणि ते तसेच पुढे गेले. एडिंबरो विद्यापीठात १७२६ मध्ये वैद्यकाची शाखा स्थापन झाली. तिचे पहिले चारही प्राध्यापक लायडनला बूरहावे यांच्याकडे शिकून आलेले होते. त्यांतल्या जॉन रदरफर्ड यांनी १७४८ मध्ये एडिंबरोच्या रुग्णालयात रोग्यांसमोर व्याख्याने सुरू केली. पुढे एडिंबरोला शिकलेले जॉन मॉर्गन आणि विल्यम शिपेन अमेरिकेत परतले. १७६५ मध्ये अमेरिकन वसाहतींतली पहिली वैद्यकीय शाळा सुरू झाली ती त्यांच्यामुळे. कोणत्या गावी? फिलाडेल्फियाला!

पादुआ, लायडन, एडिंबरो, फिलाडेल्फिया. आणि या साखळीची दुसरी शाखा आपल्याकडे येते : भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे पहिले प्रमुख चार्ल्स मोरहेड हेही एडिंबरोचेच पदवीधर. म्हणजे आनंदीबाई फिलाडेल्फियाला गेल्या काय किंवा भायखळ्याला गेल्या असत्या काय, शिक्षणाची मूळ परंपरा एकाच घराण्यातली होती.

या साखळीतली एक गंमत शिक्षकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी. एडिंबरो नावारूपाला आल्यावर इंग्रजी बोलणारे विद्यार्थी लायडनला जाईनासे झाले. बूरहावे यांच्या निधनानंतर तिथला ओघ आटत गेला. चांगली संस्था परदेशी विद्यार्थ्यांना इतके चांगले शिकवते की ते मायदेशी परतून तशीच संस्था काढतात, आणि मग तिच्याकडे येणारे विद्यार्थी कमी होतात. पटसंख्या घटली याचा अर्थ दर वेळी संस्था घसरली असा नसतो. कधीकधी तो तिच्या यशाचाही पुरावा असतो.

दार उघडे, पण कुणासाठी?

लायडनने परदेशी मुलांना मोकळेपणाने घेतले खरे. पण डच मुलींना? नेदरलँड्समध्ये पहिली मुलगी रीतसर विद्यापीठात शिकू लागली ती १८७१ मध्ये, ग्रोनिंगन येथे. तिचे नाव अलेटा जेकब्स. तिला त्यासाठी थेट पंतप्रधानांकडे अर्ज करावा लागला होता. १८७९ मध्ये ती डॉक्टर झाली, आनंदीबाईंच्या केवळ सात वर्षे आधी. युरोप ‘पुढारलेला’ आणि आपण ‘मागासलेले’, अशा सरधोपट समजुतीला हा आकडा थोडा धक्का देतो.

फिलाडेल्फियातही तेच. ‘रोग्याच्या उशाशी शिक्षण’ ही लायडनची देणगी त्या गावात शंभर वर्षे रुजलेली होती. पण ती पुरुषांसाठी. नोव्हेंबर १८६९ मध्ये विमेन्स मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थिनींना पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमधल्या रोग्यांसमोरच्या व्याख्यानांना बसण्याची परवानगी मिळाली. सुमारे तीस विद्यार्थिनी गेल्या. तिथल्या पुरुष विद्यार्थ्यांनी आरडाओरडा केला, कागदाचे बोळे फेकले, रस्त्यात त्यांचा पाठलाग केला. विद्यार्थिनींनी बाके सोडली नाहीत. आनंदीबाई तिथे पोचण्याआधी जेमतेम चौदा वर्षांपूर्वीची ही हकिकत. त्यांना मिळालेले दार आधीच्या बायकांनी असे ढकलून उघडलेले होते.

एकदा उघडल्यावर त्यातून आणखी कोण गेले? १८९२ मध्ये त्याच कॉलेजातून गुरुबाई करमरकर डॉक्टर झाल्या. परतल्यावर त्यांनी अमेरिकन मराठी मिशनमार्फत मुंबईत अनेक वर्षे रुग्णसेवा केली. वाट रुळते ती अशी. रुखमाबाई १८८९ मध्ये लंडनला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ काम करत राहिल्या.

आनंदीबाईंना मात्र ते भाग्य लाभले नाही. कोल्हापूर संस्थानाने त्यांना अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागाचे काम देऊ केले होते. १८८६ च्या अखेरीस त्या परतल्या त्या क्षय घेऊनच. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच शोधला होता. पण त्यावरचे पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हाती यायला १९४० चे दशक उजाडावे लागले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाईंचे निधन झाले. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिना उरला होता. एकाही रोग्यावर स्वतंत्रपणे उपचार करण्याची संधी त्यांना मिळाली नाही. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी येथील दफनभूमीत ठेवल्या गेल्या.

परदेशी शिक्षणाचा जमाखर्च मांडताना आपण शिष्यवृत्त्या आणि पदव्या मोजतो. हाही आकडा त्यात धरायला हवा.

आकडे वाचायचे कसे?

आता आजच्या काळात येऊ. आणि पुन्हा नेदरलँड्सलाच जाऊ, कारण तिथे परदेशी विद्यार्थ्यांची मोजणी काळजीपूर्वक ठेवली जाते.

२००५-०६ या शैक्षणिक वर्षात तिथल्या उच्च शिक्षणात सुमारे ३३ हजार परदेशी विद्यार्थी होते. २०२१-२२ मध्ये ते सुमारे १ लाख १५ हजार झाले. म्हणजे सोळा वर्षांत साडेतीन पट. २०२२-२३ मध्ये आकडा १ लाख २२ हजारांच्या आसपास गेला, आणि तो एकूण विद्यार्थ्यांच्या सुमारे १५ टक्के होता.

हे आकडे वर्गात फळ्यावर लिहावेत आणि मुलांना चार प्रश्न विचारावेत.

एक : ‘परदेशी विद्यार्थी’ कुणाला म्हणायचे? जन्माने परदेशी असलेल्याला, पारपत्र परदेशी असलेल्याला, की शिकण्यासाठीच सीमा ओलांडून आलेल्याला? लहानपणीच आईवडिलांबरोबर येऊन डच शाळेत शिकलेला मुलगा परदेशी नागरिक असेल, पण तो शिक्षणासाठी आलेला नाही. वरच्या आकड्यांत पूर्ण पदवीसाठी आलेले धरले आहेत. एखाद्या सत्रासाठी येऊन परत जाणारे धरलेले नाहीत. व्याख्या बदलली की आकडा बदलतो.

दोन : सरासरी काय लपवते? नेदरलँड्समध्ये उच्च शिक्षणाचे दोन प्रकार आहेत, संशोधनप्रधान विद्यापीठे आणि व्यवसायप्रधान उच्च विद्यालये. एकूण प्रमाण १५ टक्के असले तरी विद्यापीठांत ते सुमारे २५ टक्के होते आणि व्यवसायप्रधान विद्यालयांत बरेच कमी. पंधरा टक्के हा आकडा दोन्हींपैकी कुठल्याच वर्गातल्या शिक्षकाला आपला वाटणार नाही!

तीन : येतात कोण? आपल्याला वाटते, भारत-चीनचे विद्यार्थी. प्रत्यक्षात बहुसंख्य युरोपातलेच असतात आणि सर्वांत मोठा गट शेजारच्या जर्मनीचा असतो. युरोपीय संघातल्या विद्यार्थ्याला डच विद्यार्थ्याइतकीच फी पडते. बाहेरच्याला कित्येक पट अधिक. ‘परदेश’ म्हणजे दर वेळी ‘दूर’ नव्हे. कल्याणचा मुलगा पुण्याला शिकायला जातो, तितक्याच सहजतेने सीमेजवळचा जर्मन मुलगा ग्रोनिंगनला जातो.

चार : वाढ का झाली? इथे लायडनचा इतिहास पुन्हा डोळ्यांसमोर येतो. १९९९ च्या बोलोन्या करारानंतर युरोपातल्या पदव्या एकसारख्या होत गेल्या. नेदरलँड्सने २००२ पासून तसा बदल केला आणि इंग्रजीतून शिकवले जाणारे अभ्यासक्रम भराभर वाढवले. बूरहावेंच्या काळी लॅटिनने जे काम केले, ते आता इंग्रजीने केले. विद्यार्थिसंख्येवर अनुदान ठरत असल्याने विद्यापीठांनाही ते हवेच होते.

पण दार जितके उघडते तितका घरातून आवाज उठतो. विद्यार्थ्यांना राहायला खोल्या मिळेनात, वर्ग तुडुंब भरू लागले, डच भाषा विद्यापीठातून हद्दपार होईल अशी भीती व्यक्त होऊ लागली. २०२४ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येला आळा घालण्याचे आणि पदवी-शिक्षणात डच भाषेला जागा देण्याचे विधेयक तिथल्या संसदेत मांडले गेले. यात कोण बरोबर, कोण चूक, हा निकाल आम्ही देत नाही. मातृभाषेतून उच्च शिक्षण, हा प्रश्न आपल्याला परका नाही, एवढेच नमूद करतो.

दार जवळ आणणे

परदेशी जाण्याची गरज कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे दारच जवळ आणणे. याचे छान उदाहरण नेदरलँड्स आणि भारत यांच्यातलेच आहे. विमानातून काढलेल्या छायाचित्रांवरून नकाशे कसे तयार करावेत हे शिकवणारी एक संस्था १९५० मध्ये डेल्फ्टला निघाली. तिचे संस्थापक विलेम स्खेरमरहॉर्न हे भूमापनाचे प्राध्यापक आणि नेदरलँड्सचे माजी पंतप्रधान. विकसनशील देशांतले तंत्रज्ञ तिथे शिकायला जात. मग १९६६ मध्ये डच सहकार्याने आपल्याकडे देहरादूनला तशीच संस्था स्थापन झाली. आज ती भारतीय सुदूर संवेदन संस्था म्हणून अवकाश विभागाखाली काम करते. पादुआ-लायडन-एडिंबरो या साखळीला जे व्हायला दोन शतके लागली, ते इथे सोळा वर्षांत झाले.

आणि आपल्या भागात? ठाणे महानगरपालिकेचे कळव्याचे वैद्यकीय महाविद्यालय १९९२ मध्ये सुरू झाले. भायखळ्याचे दार ठाण्याच्या खाडीपर्यंत यायला १८४५ पासून १४७ वर्षे लागली.

दारे वाढली, पण त्यांपुढची रांग त्याहून वेगाने वाढली. २०२४ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेसाठी २४ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नोंदणी केली, देशातल्या एम.बी.बी.एस.च्या जागा होत्या सुमारे १ लाख १० हजार. भागाकार करून पाहा : एका जागेमागे बावीस जण. त्यांतल्या निम्म्याच्या आसपास जागा खाजगी महाविद्यालयांत, म्हणजे सामान्य घराच्या आवाक्याबाहेर. उरलेले कुठे जातात? २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा ते अवघ्या देशाला कळले. ‘ऑपरेशन गंगा’ मोहिमेत सुमारे साडेबावीस हजार भारतीय परत आणले गेले. त्यांत बहुसंख्य विद्यार्थी होते, आणि विद्यार्थ्यांत बहुतेक वैद्यकाचे. तळघरात रात्री काढलेल्या त्या मुलामुलींकडे पाहताना आम्हाला सेरामपूरचे ते भाषण आठवले. १८८३ मध्ये दार बंद होते ते स्त्री म्हणून. आता ते अरुंद आहे ते जागा आणि पैसा यांमुळे. कारण बदलले, सूत्र तेच राहिले.

इथे एक सावधगिरीची सूचना. प्रत्येक जाणारा बंद दारामुळेच जातो असे नाही. १८९६ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले. १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथले शिक्षण, तिथले गुरुजन, तिथले ग्रंथालय यांची ओढ हेही खरे कारण असते. आणि पैशाचा धागा तुटला की काय होते, तेही त्यांच्याच चरित्रात दिसते. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. स्वतः पैसे जमवून १९२० मध्ये ते पुन्हा गेले आणि अभ्यास पुरा केला. ढकलणारी कारणे, ओढणारी कारणे आणि वाट चालू ठेवणारी साधने, या तिन्हींची बेरीज म्हणजे पटावरचा आकडा.

वर्गात करून पाहा

हा विषय इतिहास, भूगोल आणि गणित या तिन्ही तासांना घेता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातल्या तीन पिढ्यांना दोन प्रश्न विचारायचे. शेवटचे शिक्षण कोणत्या गावी घेतले? ते घरापासून किती किलोमीटर होते? मग वर्गाचा मिळून एक तक्ता करायचा आणि प्रत्येक पिढीचे मध्यक अंतर काढायचे. सरासरी काढू नका, कारण एक ऑस्ट्रेलियाची आत्या सगळी सरासरी बिघडवून टाकते! सरासरी आणि मध्यक यांतला फरक मुलांना यापेक्षा चांगला कुठे सापडणार?

पुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा : ‘जायचे होते, पण जाता आले नाही, असे कुणी होते का? आणि का?’ पटसंख्येच्या तक्त्यात जे गेले तेच दिसतात. जे दारापर्यंत पोचून परत फिरले त्यांचा रकाना कुठल्याच देशाच्या अहवालात नसतो. तो भरता येतो फक्त घराघरांतून.

डोंबिवलीच्या त्या वर्गाला आम्ही हा तक्ता करायला सांगितला होता. पंधरा दिवसांनी शिक्षकांनी तो आमच्याकडे पाठवला. प्रतिप्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीच्या कागदावर आजीच्या नावापुढे लिहिले होते : ‘शिक्षण सातवी. अंतर अर्धा किलोमीटर. पुढची शाळा ठाण्याला होती. गाडीने एकटीला पाठवायला घरचे तयार नव्हते.’

डोंबिवली ते ठाणे लोकलने वीस-पंचवीस मिनिटे लागतात.